पांढऱ्या पोटाचं सी हॅरियर: १/४८ मापातल्या एका प्रतिकृतीचा प्रकरण अभ्यास

वेंगुर्ले तालुक्यातले एक काका नौदलातून निवृत्त झालेले. उमेदीची वर्षं गोव्यात, दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर, सी हॅरियर विमानांची इंजिनं सांभाळण्यात गेलेली. आपण ज्या विमानावर हात काळे केले त्याची हुबेहूब प्रतिकृती घरात काचेच्या पेटीत असावी, अशी त्यांची इच्छा मुलाने माझ्यापर्यंत पोचवली. प्रतिकृती बनवणाऱ्याकडे अशी मागणी येते तेव्हा बहुतेक वेळा विमानाचं नाव, रंग आणि शेपटीवरचं चिन्ह जुळलं की काम झालं, असं समजलं जातं. इथे तसं चालणार नव्हतं. समोरच्या माणसाने ते विमान बाहेरून पाहिलं नव्हतं, आतून उघडलं होतं.

हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते त्यामुळेच. प्रतिकृतीत बारकावे किती आहेत यावर आपण तिची किंमत करतो. पण बारकावा म्हणजे नुसती जास्तीची रेघ किंवा जास्तीचा डाग नव्हे. ज्या खुणेचं कारण यंत्र कसं चालतं आणि माणसं त्याला कसं वापरतात यातून सांगता येतं तोच खरा बारकावा, बाकी सगळी सजावट, असं माझं या कामानंतरचं ठाम मत आहे. पुढे जे लिहिलं आहे त्यातला जवळजवळ प्रत्येक निर्णय या एका कसोटीवर घेतला गेला.

आधी वर्ष ठरवा

सी हॅरियर हे ब्रिटिश नौदलासाठी बनवलेलं, जागच्या जागी उभं वर उठू शकणारं विमान, हॅरियरचीच नौदलासाठीची आवृत्ती. पहिलं उड्डाण २० ऑगस्ट १९७८. भारताने १९७९ मध्ये मागणी नोंदवली आणि पहिली तीन विमानं १६ डिसेंबर १९८३ रोजी दाबोळीला उतरली. ती गेली ‘व्हाइट टायगर्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आयएनएएस ३०० या स्क्वाड्रनकडे. त्याआधी या स्क्वाड्रनकडे सी हॉक विमानं होती. सी हॅरियर आधी विक्रांत या विमानवाहू नौकेवर आणि १९८७ नंतर विराटवर राहिलं, आणि मे २०१६ मध्ये दाबोळीतच निवृत्त झालं. म्हणजे सेवेची बत्तीस-तेहतीस वर्षं. एवढ्या काळात विमान एकसारखं राहत नाही. सुरुवातीला ब्लू फॉक्स रडार होतं. पुढे मर्यादित सुधारणेत निवडक विमानांवर इस्रायली एल्टा रडार आणि डर्बी क्षेपणास्त्रं आली. रंग बदलला, चिन्हं बदलली.

‘सी हॅरियर बनवून द्या’ या मागणीला म्हणूनच अर्थ नाही. १९८४ चं की २००८ चं, हे आधी ठरायला हवं. काकांना विचारलं तर आठवणीत दोन्ही काळ मिसळलेले. विराटचा तो उंच उचललेला धावमार्ग, पोटाखाली चकाकणारा पांढरा रंग, शेपटीवरचा वाघ, सगळं एकाच चित्रात. मी त्यांच्याकडून जुने फोटो मागवले. त्यांत एक रंगीत फोटो होता, कडा पिवळ्या पडलेल्या. सुरुवातीच्या वर्षांतला, हंसाच्या फरशीवर उभं असलेलं विमान, वरून गडद करडं, खालून पांढरं. फोटो बघून काका स्वतःच म्हणाले, “हेच बनव. ह्या नवीन असताना मी हात लावलंय.” तिथे काळ ठरला, जागा ठरली: १९८० च्या दशकाची पहिली काही वर्षं, दाबोळी, उघड्यावरची फरशी. जहाज बाद.

या पांढऱ्या पोटामागे इतिहासाचा एक तुकडा आहे. ब्रिटिश सी हॅरियरसुद्धा सुरुवातीला असंच होतं, वर ‘एक्स्ट्रा डार्क सी ग्रे’ नावाचा निळसर झाक असलेला गडद करडा आणि खाली पांढरा. १९८२ मध्ये फॉकलंड युद्धाला निघालेल्या ताफ्यात हर्मीस या नौकेवर वाटेतच विमानांची पांढरी पोटं ब्रशने करडी रंगवली गेली, कारण पांढरं पोट आकाशात लांबून दिसतं. हीच हर्मीस पुढे भारताने घेतली आणि ती आपली विराट झाली. बाजारात सी हॅरियरच्या प्रतिकृतीच्या सुट्या भागांचे जे संच मिळतात त्यांवर फॉकलंडचा ठसा असल्यामुळे डब्यावरचं चित्र बहुधा सगळीकडून करड्या विमानाचं असतं. भारतीय विमान मात्र युद्धानंतर दीड वर्षाने शांततेच्या रंगात आलं. डब्यावरचं चित्र पाहून रंगवायला बसलं तर भारतीय चिन्हं लावलेलं ब्रिटिश विमान तयार होतं.

संच आणि त्याची मर्यादा

एअरफिक्स, तामिया आणि कायनेटिक या तिन्ही कंपन्यांनी १/४८ मापात सी हॅरियर केलेलं आहे. मी कोणता संच वापरला त्याला इथे फार महत्त्व नाही. खऱ्या विमानाची लांबी १४.५ मीटर आणि पंखांचा पसारा ७.७ मीटर, म्हणजे १/४८ मापात साधारण ३० सेंटीमीटर आणि १६ सेंटीमीटर. घरातल्या पेटीला योग्य आणि तपशील दाखवायला पुरेसं. १/७२ मापात हेच विमान २० सेंटीमीटरचं होतं, तिथे काकांना जे दाखवायचं होतं त्यातलं निम्मं डोळ्यांना दिसलं नसतं.

संचातले सुटे भाग धुऊन, न चिकटवता टेपने जोडून बघितल्यावर नेहमीचे प्रश्न दिसले. हवा आत घेणाऱ्या मोठ्या तोंडांच्या आत दोन अर्ध्या भागांचा सांधा सरळ दिसतो, कारण हॅरियरच्या पंख्याच्या पात्यांपर्यंत नजर जाते. तिथे पुट्टी भरून वाकड्या पृष्ठभागावर पॉलिशपेपर फिरवणं हे कंटाळवाणं पण टाळता न येणारं काम. पंखा आधी रंगवून बसवला, आतला भाग पांढरा करून घेतला आणि मग दोन्ही बाजू मिटल्या.

बुजवायचा नाही तो सांधा

प्रतिकृती बनवणाऱ्याला एक सवय लागलेली असते. सांधा दिसला की पुट्टी भरायची, घासायचं, गुळगुळीत करायचं. मी पंख आणि धड जिथे मिळतात तिथे पुट्टी भरायला घेतली होती, तेवढ्यात व्हिडिओ कॉलवर काकांनी पाहिलं.

“हो सांधो बुजवू नको रे. इंजिन काढूचा तर अख्खो पंख उचलूचो लागता.”

हॅरियरची रचनाच तशी आहे. पेगासस इंजिन धडाच्या मध्यात बसवलेलं आहे, त्याची चार तोंडं धडाच्या दोन्ही बाजूंना बाहेर येतात. म्हणून इंजिन मागून ओढून काढता येत नाही, खालूनही नाही. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंतचा पंख एकच सलग तुकडा असतो. तो उचलून बाजूला ठेवायचा आणि मग इंजिन वरून बाहेर काढायचं. काकांसारख्या माणसाच्या आयुष्यातला तो रोजचा नसला तरी मोठा कामाचा दिवस. पंख आणि धड यांच्यामधली रेघ म्हणजे त्या कामाची जागा. ती बुजवली असती तर प्रतिकृती जास्त गुळगुळीत झाली असती आणि खोटी झाली असती.

मग मी सगळ्या रेघांची यादीच केली. कुठली रेघ खऱ्या विमानात आहे आणि उघडते, कुठली रेघ आहे पण न उघडणारी, आणि कुठली फक्त संचाच्या दोन भागांची आहे. तिसऱ्या प्रकारच्या रेघा संपूर्ण बुजवल्या. दुसऱ्या प्रकारच्या पातळ केल्या. पहिल्या प्रकारच्या स्वच्छ, टोकदार ठेवल्या. नाकाची रेघ त्यांतलीच. सी हॅरियरचं नाक जहाजाच्या हँगरमध्ये जागा वाचवण्यासाठी एका बाजूला दुमडतं, तिथला जोड ठसठशीत हवा. इंजिनाच्या वरच्या झाकणांच्या रेघाही तशाच.

रेघांच्या खोलीबद्दल मला एक सांगावंसं वाटतं, कारण यात खूप चांगली कामं बिघडतात. खऱ्या विमानावर दोन पत्र्यांमधली फट दोन मिलिमीटर धरली तरी १/४८ मापात ती ०.०४ मिलिमीटर होते, केसापेक्षा बारीक. संचात कोरलेली रेघ त्याच्या कितीतरी पट रुंद असते. तिच्यात काळा वॉश, म्हणजे रेघांत उतरवायचा पातळ रंग, भरला की विमान कोळ्याच्या जाळ्यात अडकल्यासारखं दिसतं. मी वॉशसाठी काळा वापरलाच नाही. वरच्या करड्यावर त्याच करड्याचा गडद झाक असलेला रंग आणि पांढऱ्या पोटावर फिका करडा, एवढंच.

दरवाजे आणि नॉझल

हॅरियरच्या हवेच्या तोंडांच्या मागे, कडेला ओळीने छोटे दरवाजे असतात. उभं राहून वर उठताना किंवा हळू जाताना इंजिनाला समोरून पुरेशी हवा मिळत नाही, तेव्हा आतली ओढ हे दरवाजे उघडते आणि कडेनेही हवा आत येते. वेग वाढला की ते आपोआप मिटतात. त्यांना धरून ठेवणारं काही नसतं, ते मोकळे लटकत असतात. याचा प्रतिकृतीला काय संबंध? इंजिन बंद असलेल्या विमानात वरचे दरवाजे स्वतःच्या वजनाने आतल्या बाजूला पडतात, आणि खालचे मिटलेले राहतात.

काकांनी हे न विचारता सांगितलं, “वरचे पडतत, खालचे बंदच रवतत. सगळे बंद दिसले तर ता विमान हवेत आसा, सगळे उघडे तर इंजिन चालू.” जमिनीवर, इंजिन बंद ठेवून उभ्या केलेल्या प्रतिकृतीत हे दरवाजे सगळे सारखे मिटलेले मला अनेक ठिकाणी दिसतात. चार दरवाजे सुटे कापून आत झुकवले की सगळं विमान एकदम वजनदार वाटायला लागतं. मी तेच केलं. जिथे संचात दरवाजे एकत्र कोरलेले होते तिथे आतून पातळ घासून, कापून, नव्या पातळ प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बनवून घेतले.

नॉझल, म्हणजे इंजिनाची ती चार वळणारी तोंडं, हा याहून मोठा विषय. पुढच्या दोन नॉझलमधून पंख्याने ढकललेली हवा येते, ती तुलनेने थंड. मागच्या दोनांतून जळलेला गरम वायू. रंगाचा सगळा फरक इथून येतो. पुढचे नॉझल करड्या रंगाने रंगवलेले, त्यांच्यावर उष्णतेचा डाग नाही. मागचे भाजलेल्या धातूसारखे, तपकिरी-जांभळी झाक असलेले, आणि त्यांच्यामागे धडाला उष्णतेपासून वाचवणारा धातूचा पत्रा. हा पत्रा धडाच्या रंगात रंगवून टाकला की विमानाचं तंत्रच पुसलं जातं. मी तो तीन वेगळ्या धातूच्या छटांनी रंगवला, नॉझलच्या तोंडाशी गडद, मागे जाताना फिकट.

आणि चारही नॉझलचा कोन एक हवा. ते एकाच लिव्हरने, एकत्र, साखळ्यांनी आणि दांड्यांनी जोडून फिरतात. सरळ मागे असलेली स्थिती म्हणजे शून्य, आणि ९८.५ अंशांपर्यंत ते खाली आणि थोडे पुढे वळतात. प्रतिकृतीत मात्र प्रत्येक नॉझल वेगळा चिकटवला जातो, त्यामुळे दोन अंशांचा फरक सहज पडतो आणि तो नजरेला लगेच टोचतो. जाड कागदाचा त्रिकोणी मापक कापून मी चारही एकदम बसवले. कोन कोणता, हे काकांनी ठरवलं: सरळ मागे. उतरून आल्यावर इंजिन बंद करताना लिव्हर पुढे ढकललेला असतो, आणि लिव्हर पुढे म्हणजे नॉझल मागे.

पायांचं थोडक्यात सांगतो. हॅरियरची चाकं सायकलसारखी मधोमध, पुढे एक आणि मागे जोडी, आणि पंखांच्या टोकांना तोल धरणारी दोन छोटी चाकं. पाच ठिकाणी जमिनीला टेकणारं काहीही प्रतिकृतीत कठीण असतं. मधली चाकं आधी बसवून, सपाट काचेवर विमान ठेवून, टोकाच्या चाकांचे पाय शेवटी चिकटवले. मधल्या चाकांचे टायर तळाशी किंचित घासून चपटे केले, कारण सहा-सात टनांचं विमान त्यावर उभं असतं.

क्षेपणास्त्र बदलावं लागलं

ब्रिटिश विमानं साइडवाइंडर वाहून नेत, भारतीय विमानांवर फ्रेंच माट्रा मॅजिक. दोन्ही हवेतून हवेत मारा करणारी, दोन्ही जवळपास एका लांबीची, त्यामुळे हे दुर्लक्षित होतं. पण मॅजिक साइडवाइंडरपेक्षा जाड आहे, १५७ मिलिमीटर व्यास विरुद्ध १२७. आणि त्याच्या नाकाजवळ पंखांच्या दोन रांगा असतात, पुढची स्थिर, मागची वळणारी. साइडवाइंडरची एकच रांग. भारतीय सी हॅरियरच्या पंखाखाली साइडवाइंडर लटकलेलं दिसलं तर बनवणाऱ्याने डब्यातलं जे होतं ते लावलं एवढंच कळतं. मिराज २००० किंवा जग्वारच्या संचांत मॅजिक मिळतं, तिथून जोडी घेतली आणि त्याखालचा रेल नव्याने घडवला.

काकांनी मात्र शेवटी क्षेपणास्त्रं काढून ठेवायला सांगितली. रोज उड्डाणं चालू असताना साधारण दिवशी खरी क्षेपणास्त्रं विमानावर टांगलेली नसतात, असं त्यांचं म्हणणं. पंखाखालचे रिकामे टांगणे आणि इंधनाच्या टाक्या, एवढंच त्यांना आठवत होतं. टांगण्याच्या आत छोटे चुंबक बसवले, म्हणजे मॅजिक लावताही येतील आणि काढताही. पेटीत ती बाजूला ठेवली आहेत. पोटाखालच्या दोन ३० मिलिमीटर एडन तोफांचे खोके लावले, पण तोफांच्या तोंडाशी काजळी नाही. गोळीबार झाल्याखेरीज काजळी येत नाही.

पावसाळ्यातला पांढरा

पांढरा रंग हा सगळ्यात अवघड, आणि कोकणातल्या जुलैत त्याहून अवघड. पातळ लॅकर वापरला की त्यातलं द्रावक झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी तिथेच धरतं. वार्निशचा थर दुधाळ होतो. गडद रंगावर तो पटकन दिसतो, पांढऱ्यावर दिसत नाही. एअरब्रशला, म्हणजे रंगाचा बारीक फवारा मारणाऱ्या पेनाला, हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरमध्येही दाबलेल्या हवेतून पाणी साचतं आणि मध्येच थेंब उडवतं, म्हणून पाणी अडवणारं फिल्टर अनिवार्य. मी सावकाश सुकवणारं थिनर घेतलं, खोली बल्बने कोरडी ठेवली, आणि वार्निशचं काम पाऊस उघडलेल्या दुपारपर्यंत थांबवलं. घाई करायचं काहीच कारण नव्हतं.

क्रम असा: आधी फिका करडा प्रायमर, मग पोटाला पांढरा अनेक पातळ थरांत, मग पांढऱ्यावर टेप आणि वर गडद करडा. शुद्ध पांढरा मात्र नको. त्यात करड्याचा एक थेंब पडायला हवा, नाहीतर छोट्या वस्तूवर तो खेळण्यासारखा दिसतो. वरचा एक्स्ट्रा डार्क सी ग्रे, ब्रिटिश रंगसंहितेत ६४० क्रमांकाचा, बाटलीतून सरळ मारला तर ३० सेंटीमीटरच्या विमानावर जवळजवळ काळा वाटतो. दहा थेंबांना फिक्या करड्याचा एक थेंब, असं प्रमाण मला डोळ्यांना पटलं. दोन्ही रंगांची सीमा कुठून जाते ती फक्त फोटोवरून घेतली, दोन्ही बाजूंची वेगवेगळी.

रंगासाठी संग्रहालयातलं विमान बघू नये, असं मला स्पष्ट सांगायचं आहे. वास्को जवळ बोगमाळ्याला नौदलाचं हवाई संग्रहालय आहे, १९९८ मध्ये सुरू झालेलं, आणि तिथे सी हॅरियर उभं आहे. जरूर जावं, तासन्‌तास थांबावं. चाकांच्या खोबणीतल्या नळ्या, पायांच्या दांड्या, नॉझलच्या आतली पाती, दरवाजांची जाडी, हे कुठल्याही फोटोत मिळत नाही ते तिथे मिळतं. पण रंग मिळत नाही. विमान उघड्यावर समुद्राच्या वाऱ्यात आहे आणि निवृत्तीनंतर रंगवलेलं विमान सेवेतल्या विमानासारखं नसतं. संग्रहालय रचनेसाठी, फोटो रंगासाठी, आणि हात लावलेला माणूस बाकी सगळ्यासाठी, अशी विभागणी मी केली आणि ती कामाला आली.

वाघाचा प्रश्न वेगळाच होता. घरचा प्रिंटर पांढरी शाई छापत नाही. डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चिन्ह, पारदर्शक असतं, त्यामुळे करड्या शेपटीवर छापलेला वाघ अदृश्य होतो. चिकट पारदर्शक फिल्ममधून वाघाची आकृती सुरीने कापून साचा केला आणि एअरब्रशने पांढरा मारला, वरचे काळे पट्टे बारीक ब्रशने. वाघाचं तोंड कोणीकडे, ते दोन्ही बाजूंचे फोटो बघून. गोलाकार राष्ट्रचिन्हाचंही तसंच. बाहेरचा केशरी गडद करड्यावर थेट बसवला तर तपकिरी दिसतो, म्हणून खाली आधी पांढरं वर्तुळ, मग त्यावर केशरी, पांढरा आणि मध्ये हिरवा.

कॅनॉपीवर, म्हणजे पायलटच्या डोक्यावरच्या काचेच्या झाकणावर, ओळखीची नागमोडी रेघ असते. पायलट बाहेर फेकला जाण्याच्या क्षणी काच फोडणारी बारीक स्फोटक दोरी तिथे चिकटवलेली असते. संचातलं डेकल जाड होतं, म्हणून काचेच्या आतून अगदी पातळ ब्रशने काढली. कॅनॉपी मागे सरकवून उघडी ठेवली, मार्टिन-बेकरची खुर्ची आत दिसते. कॉकपिटच्या बाकीच्या तपशिलांवर मी फार वेळ दिला नाही. त्यांच्याकडे वाकून बघणारं कोणी नव्हतं, आणि काकांचं जग कॉकपिटच्या मागे सुरू होत होतं.

मळ कुठून आला

प्रतिकृती संपवण्याच्या टप्प्यावर बहुतेक जण विमान मळकं करतात. फिकट पट्टे, गंजाचे ओघळ, काजळी, धूळ. मीही तयारी करून बसलो होतो, आणि काकांना पोटाच्या पहिल्या डागांचे फोटो पाठवले. त्यांचा प्रश्न आला:

“हो मळ खयसून इलो ता माका सांग.”

मी त्या प्रश्नावर बराच वेळ विचार केला, कारण तो रंगाचा प्रश्न नव्हता. समुद्रावरून उडून आलेलं विमान गोड्या पाण्याने धुतलं जातं. खारं पाणी अॅल्युमिनियम खातं. सी हॅरियरचं इंजिनसुद्धा नौदलासाठी खास बदललेलं होतं, जिथे मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे भाग होते तिथे गंज लागू नये म्हणून दुसरा धातू घेतला होता. एवढी काळजी घेणारी माणसं विमानावर मिठाचे ओघळ राहू देणार नाहीत. शिवाय हे विमान नवीन होतं. म्हणून मिठाचे डाग गेले, गंजाचे ओघळ गेले, रंग उडालेल्या कडा गेल्या.

राहिलं काय? पोटाखाली, ज्या नळ्यांमधून तेल आणि द्रव बाहेर गळतो, त्यांच्या मागे थेंब-दोन थेंबांचे तपकिरी ओघळ, हवेच्या दिशेने मागे ओढलेले. पांढऱ्या पोटावर ते लपत नाहीत, धुतल्यावरही पुसट राहतात. मधल्या चाकांच्या खोबणीत ग्रीस. मागच्या नॉझलच्या मागे किंचित काळवंडलेपण. पंखावर, जिथे तंत्रज्ञ चढून इंजिनाची वरची झाकणं उघडतात तिथे, बुटांनी मॅट झालेला पृष्ठभाग, बाकीच्या अर्धचकचकीत थराच्या तुलनेत. शिडी टेकते तिथे थोडं घासलेलं. याहून जास्त काहीच नाही. बघणाऱ्याला वाटतं विमान स्वच्छ आहे, पण पेटीभोवती फिरून पाहिलं की खुणा एकेक करून सापडतात, आणि प्रत्येकीला कारण सांगता येतं.

शेवटचा वाद आधाराच्या पाटावर झाला. विमानाखाली काँक्रीटची फरशी, कडेला थोडी लाल माती आणि जांभ्याचे कण, गोवा दिसावा म्हणून. काकांनी नाकारलं. “एक खडो गिळल्यान काय इंजिन गेला,” असं त्यांनी सांगितलं. हॅरियरचं इंजिन जमिनीजवळून प्रचंड हवा ओढतं, आणि फरशीवरचा खडा आत गेला तर पंख्याची पाती मोडतात. विमान उभं करायची जागा झाडून ठेवलेली असते, माणसं रांगेने चालत एकेक खडा वेचतात. लाल माती विमानाजवळ असणं म्हणजे कोणाचं तरी काम न झालेलं असणं. माती फक्त फरशीच्या पलीकडच्या कडेला, गवताच्या पट्ट्याबरोबर ठेवली. फरशीवर तेलाचा एक जुना, पुसट गोल आणि चाकांना लावायच्या ठोकळ्यांची जोडी.

दुसऱ्या काळातलं हेच विमान बनवायचं असेल तर

याच पद्धतीने कोणी नंतरच्या काळातलं सी हॅरियर करणार असेल तर जवळजवळ सगळे निर्णय उलटे होतील. पांढरं पोट जाईल, वरखाली दोन्हीकडे करड्या छटा येतील, पण त्या कुठल्या हे त्या त्या वर्षाच्या फोटोवरूनच घ्यावं. बरीच वर्षं वापरलेल्या विमानावर ठिकठिकाणी दुरुस्त करून रंगवलेले चौकोन असतात, तिथे रंगाची छटा थोडी वेगळी पडते. जिथे माझ्या विमानाला खुणा नाकारल्या, तिथे त्याला त्या हव्यात. सुधारणा झालेल्या विमानांवर डर्बी क्षेपणास्त्रं जमतील. विराटवर उभं करायचं असेल तर डेकवर विमान बांधून ठेवायच्या खाचा आणि साखळ्या हव्यात, कारण हलणाऱ्या जहाजावर विमान नुसत्या ठोकळ्यांवर उभं राहत नाही.

काकांनी मला पुढचं काम आधीच सांगून ठेवलं आहे. दोन जागांचं शिकाऊ विमान, टी ६०. त्याचं नाक आणि शेपटी दोन्ही वेगळी आहेत, आणि त्याचे फोटो ते शोधत आहेत.